चाळीस नावांची परवानगी

पार्किंगच्या चिठ्ठीच्या मागचा मजकूर वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ऑफिसच्या कामासाठी आम्ही दोघं नागपुरात बर्डीला गेलो होतो. मागे चार गाड्या हॉर्न मारत होत्या आणि हे गृहस्थ स्कूटरवर बसल्या बसल्या चष्मा कपाळावरून खाली ओढून बारीक अक्षरं वाचत होते. वाचून झाल्यावर चिठ्ठीवाल्याला म्हणाले, "यात लिवलं आहे का हेल्मेट हरवलं तर तुमची जबाबदारी नाही. बरं केलं लिवलं. मी हेल्मेट संग नेतो." आणि खरोखर ते दिवसभर हेल्मेट काखेत धरून फिरले. बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात, सगळीकडे. इडली खातानासुद्धा ते मांडीवर होतं.

खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमध्ये ते सेफ्टीला होते, मी इन्स्ट्रुमेंटला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. कॉलनीत त्यांना मागून सगळे 'परवानगीवाले' म्हणत आणि तोंडावर भाऊ. मीही भाऊच म्हणायचो. अंगाने सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, खिशात दोन पेनं. एक सहीचं आणि एक "दुसऱ्यानं मागतलं तर द्याचं". कोळशाच्या पट्ट्याजवळ कोणी बिनाहेल्मेटचा दिसला की ते ओरडत नसत. त्याच्याजवळ जाऊन उभे राहत आणि त्या जागी पूर्वी कोण पडलं होतं, कसं पडलं होतं, त्याच्या घरी कोण कोण होतं, ते सगळं शांतपणे सांगत. ऐकणारा आपणहून हेल्मेट घाली. "नियम म्हणजे काय गा?" ते मला म्हणायचे. "कोणीतरी आधी पडलेला असते. त्याच्यासाठी कोणी लिवला नव्हता, म्हणून आपल्यासाठी लिवला."

या माणसाचा मी कितीतरी वर्षं हेवा केला.

सांगायला लाज वाटते, कारण हेवा करावा असं वरवर त्यांच्याकडे काही नव्हतं. माझ्याकडे कॅमेरे होते. कॉलनीतली लग्नं, वाढदिवस, रिटायरमेंटचे हारतुरे, सगळ्यांचे फोटो मीच काढायचो. लोक मला पोज द्यायचे, मला चहा द्यायचे. भाऊंना लोक हसायचे. पण संध्याकाळी ते आणि वहिनी कॉलनीच्या रस्त्यावर फिरायला निघायचे तेव्हा मी गॅलरीतून बघत राही. वहिनींचे गुडघे गेलेले. त्या चार पावलं चालायच्या, थांबायच्या, तेही थांबायचे. थांबल्यावर ते काहीतरी सांगायचे आणि वहिनी हसायच्या. रोज. एवढ्या रुक्ष माणसाजवळ रोज हसवण्यासारखं असतं तरी काय? माझ्या घरात त्या वेळी टीव्ही चालू असायचा. बायको एका खोलीत, मी दुसऱ्या.

ड्रोन कॉलनीत पहिल्यांदा मी आणलं. ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून, बिलाशिवाय, नोंदणीशिवाय. रविवारी सकाळी मैदानावर उडवलं. पन्नास माणसं गोळा झाली. दहा मिनिटांत भाऊ आले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर लेक्चर देणार. त्यांनी मान वर करून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, "मस्त आहे गा. पण एथं उडवता येत नाही. पॉवर स्टेशन आहे ना बाजूले. खाली घे." मी खाली घेतलं. लोक पांगले. त्यांनी मला वाचवलं होतं, हे मला कळत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

त्यानंतर महिन्याभराने त्यांनी स्वतःचं घेतलं. अडीचशे ग्रॅमच्या आतलं, कारण त्या वजनाला चालवण्याचं लायसन्स लागत नाही. नोंदणी मात्र लागते, आणि नोंदणीचा नंबर यंत्रावर चिकटवावा लागतो. इथे भाऊंना अडचण आली. यंत्राचं वजन कंपनीने लिहिलं होतं दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. मग स्टिकरचं वजन किती? स्टिकरमुळे अडीचशे पूर्ण झाले तर? हा प्रश्न त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत विचारला तेव्हा मी डबा सोडून हसलो. ते हसले नाहीत. शनिवारी ते इतवारीत एका सोनाराकडे गेले आणि त्याच्या काट्यावर आधी ड्रोन ठेवलं, मग स्टिकरसकट ठेवलं. सोनाराने म्हणे विचारलं, "काका, हे मोडाचं आहे का?" भाऊ परत आले ते नखाएवढा स्टिकर कापून. त्यावरचा नंबर वाचायला भिंग लागे. "नियमात लिवलं आहे का नंबर पाहिजे," ते म्हणाले. "भिंग नको असं नाही लिवलं."

उडवायला ते रामटेकच्या बाजूला जायचे. नकाशावर बघून, मनाई नसलेली जागा शोधून, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत, त्याची लेखी परवानगी घेऊन. वीस मिनिटं उडवायचं म्हणून स्कूटरवर एवढं अंतर. मागे वहिनी, वहिनींच्या मांडीवर डबा. एकदा मला घेऊन गेले, काही शिकवशील म्हणून. मी गेलो आणि पस्तावलो. त्यांना उडवता येत नव्हतं. हात ताठ, बोटं थरथरत. यंत्र एखाद्या नवशिक्या सायकलवाल्यासारखं डुगडुगत होतं. पण वहिनी फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून छत्री धरून होत्या, स्वतःवर नव्हे, भाऊंच्या हातातल्या पडद्यावर, ऊन लागून चित्र दिसेनासं होऊ नये म्हणून. "अहो, बगळे पाहा ना, बगळे!" म्हणत त्या लहान पोरीसारख्या पडद्यात बोट घालत होत्या. मी त्या दोघांच्या मागे उभा होतो. ड्रोन मी त्यांच्या दसपट चांगलं उडवतो. माझ्या पडद्यावर कधी कोणी छत्री धरली नव्हती.

आमच्या कॉलनीतल्या विहारात वहिनी रविवारी मुलांना शिकवत. त्रिशरण, पंचशील, गोष्टी. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट श्रीलंकेतल्या मिहिंतलेच्या टेकडीची. धम्म त्या देशात पहिल्यांदा जिथे पोचला, ती टेकडी. तीस वर्षं त्यांनी ती गोष्ट सांगितली, टेकडी न बघता. विहारातून चाळीस जणांची श्रीलंकेची सहल ठरली तेव्हा पहिलं नाव वहिनींनी दिलं. धंतोलीतल्या डॉक्टरने एका गुडघ्याचं ऑपरेशन केलं होतं, दुसऱ्याला हृदयामुळे नकार दिला होता. टेकडीला अठराशेच्या वर पायऱ्या. अर्ध्यापर्यंत गाडी जाते, पण पुढचं चालणंही त्यांच्याने होणारं नव्हतं.

"मी खालून पाहीन," त्या म्हणाल्या.

"खालून काहून?" भाऊ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली.

परदेशात ड्रोन उडवायचं म्हणजे काय भानगड असते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. परदेशी माणसाने तिथल्या विमानखात्याकडे वेगळी नोंदणी करायची. संरक्षण खात्याचा होकार वेगळा. जुन्या वास्तूजवळ म्हणून पुरातत्त्ववाल्यांचा वेगळा. कोणाच्या डोक्यावर पडलं तर म्हणून विमा. बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. आणि निघताना आपल्याच कस्टमकडून लिहून घ्यायचं की हे यंत्र आम्ही इथूनच नेतोय, नाहीतर परत आणताना तेच विचारणार, हे बाहेरून कसं आणलं. देशोदेशीचे नियम वेगळे. एका देशात विमानतळावरच काढून घेतात, एका देशात नोंदणी ऑनलाइन दहा मिनिटांत होते. भाऊंनी ज्या देशांत आपण जाणारही नव्हतो त्यांचेही वाचून काढले. सात महिने पत्रव्यवहार चालला. पहिला नकार आला तेव्हा ते पेढा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "नकार आला म्हणजे पत्र पोचलं," म्हणाले.

शेवटी परवानगी आली. टेकडीपासून दूर, तळ्याच्या बांधावरून, एक दिवस, सकाळी सात ते साडेसात. अर्ज एकट्याच्या नावाने न करता पूर्ण गटाच्या नावाने केला होता. चाळीसही जणांच्या पासपोर्टच्या प्रती जोडल्या होत्या. प्रती गोळा करायला ते घरोघर फिरले तेव्हा मी कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. ते मागच्या टेबलावर बसले होते हे मला नंतर कळलं.

माझी बायको सहलीला आली नाही. "तुम्ही फोटोच काढत बसाल," ती म्हणाली. "मी कोणाशी बोलू?"

निघायच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला विचारलं, "तुहं ड्रोन नाही ना आणत गा संग? त्याचे कागद नाहीत."

"नाही भाऊ, घरीच आहे," मी म्हणालो. ते माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत होतं, लेन्सच्या खाली. कोणी विचारलं नाही, आणि मी ते पार घेऊन गेलो.

तिथे बसमध्ये चार दिवस एकच विषय. उद्या भाऊंचं ड्रोन. परवा भाऊंचं ड्रोन. एक आजी तर मलाच म्हणाल्या, "तुम्ही पण शिकून घ्या जी त्यायच्यापासून." पंधरा वर्षं या लोकांचे फोटो काढणारा मी. ज्या माणसाला यंत्र सरळ उभं ठेवता येत नव्हतं, त्याची सगळे वाट बघत होते. सगळ्यात पुढच्या सीटवर वहिनी, खिडकीला नाक लावून, आणि शेजारी ते, मांडीवर फाइल.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही मुक्कामाला पोचलो. खोलीच्या मागे शेत होतं, शेतापलीकडे टेकडी. पिवळं ऊन तिरपं पडलं होतं, शुभ्र स्तूप त्यात तापलेल्या दुधासारखा दिसत होता. असा उजेड सकाळी सातला मिळणार नाही, हे माझ्यासारख्याला सांगायला नको. मी बॅग उचलली आणि शेतात गेलो.

माझ्या मनात काय होतं ते स्पष्ट सांगतो. वहिनींना ती टेकडी आधी मी दाखवणार होतो. चहाच्या वेळी जाऊन फोन त्यांच्यासमोर धरणार होतो, आणि त्या 'बगळे, बगळे' म्हणाल्या होत्या तशा काहीतरी म्हणणार होत्या. मग उद्या भाऊंनी डुगडुगतं काय दाखवायचं ते दाखवावं.

ड्रोन झकास चढलं. टेकडीवर गेलं, स्तूपाभोवती फिरलं. मग वरचा वारा लागला, सिग्नल तुटला, आणि पडदा काळा झाला. नंतर कळलं, ते स्तूपाच्या अंगणात पडलं होतं, पांढरे कपडे घालून फुलं वाहायला बसलेल्या माणसांपासून दोन हातांवर. कोणाला लागलं नाही. मी रिमोट घेऊन सिग्नल शोधत शेतातच फिरत होतो, तोवर पाऊण तासात दोन पोलीस माझ्यासमोर उभे राहिले.

चौकीत एक वयस्क अधिकारी होते. आवाज न चढवता इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. नोंदणी? नाही. विमानतळावर सांगितलं होतं? नाही. पवित्र जागेवर उडवायची परवानगी? नाही. ते म्हणाले, मग गुन्हा नोंदवावा लागेल, पासपोर्ट जमा होईल, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला इथेच थांबावं लागेल. नोकरी, घर, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सहलीचे प्रमुख बाहेर घाम पुसत उभे होते.

भाऊ आले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, काखेत फाइल. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अधिकाऱ्यांना नमस्कार करून ते इंग्रजीत म्हणाले, "साहेब, याची चूक आहे. याला नियम माहीत होता."

मला वाटलं, संपलं. हा माणूस इथेसुद्धा खरं बोलतो.

मग त्यांनी फाइल उघडली, परवानगीचं पत्र काढलं आणि एका कलमावर बोट ठेवलं. गटातल्या कोणीही अट मोडली तर परवानगी तिथल्या तिथे रद्द, यंत्र जप्त, आणि स्थानिक अधिकाऱ्याने अहवाल लिहून प्रकरण बंद करावं. त्याच्या मागचं पान उलटलं. चाळीस नावांची यादी. माझं नाव तेविसावं.

"हा आमच्या परवानगीतला माणूस आहे," ते म्हणाले. "अट आमच्या गटाने मोडली. जबाबदारी माझी."

अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "तुमचं उड्डाण उद्याच आहे," ते म्हणाले. "हे कलम लावलं तर तुमचं रद्द होतं. ठाऊक आहे ना?"

"मीच वाचून दाखवलं, साहेब."

त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि कुठे सही करायची ते दाखवलं.

परत येताना रिक्षात ते फाइलमधली पानं नीट लावत होते. मी "भाऊ" म्हणालो, तर म्हणाले, "जेवून घे. सकाळी लवकर निघाचं आहे."

सकाळी टेकडीच्या पायथ्यापासून बाकी सगळे वर गेले. भाऊंनी वहिनींना झाडाखाली बाकावर बसवलं, त्यांच्या हातात फोन दिला, दुसरा स्वतःच्या खिशात ठेवला. व्हिडिओ चालेल एवढं नेटवर्क नव्हतं, नुसतं बोलता येत होतं. त्या वयात, रक्तदाबाची गोळी खाऊन, ते अठराशे पायऱ्या चढायला निघाले. अर्ध्यापर्यंत जाणारी गाडी समोर उभी होती. "मुलांले तू पायऱ्यांचं सांगत होती," ते वहिनींना म्हणाले. "गाडीतून काय सांगू तुले?"

मी वहिनींजवळ बसलो. वर जायची मला हिंमत झाली नाही. फोन स्पीकरवर होता.

"दोन्ही बाजूनं पांढऱ्या फुलांची झाडं आहेत," भाऊंचा आवाज आला. "पायऱ्या रुंद आहेत. चढ कमी आहे. उजव्या हाताले कठडा नाही. पाहिजे होता."

वहिनी हसल्या. तेच हसू, गॅलरीतून बघितलेलं. एवढी वर्षं मी विचार करत होतो की हा माणूस त्यांना काय सांगतो. हे सांगायचा.

"एक माकड आहे. माह्या चष्म्याकडे पाहून राहिलं. मी चष्मा खिशात ठेवला. आता मले काही दिसत नाही, थांब."

त्या पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मला राहवलं नाही.

"वहिनी, ड्रोन माझ्यामुळे रद्द झालं. मी काल—"

"माहीत आहे मले. त्यायनं सांगतलं."

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

त्यांनी फोनवरची नजर काढली नाही. "आला ना. अजून आहे. आता चूप बसा जी, मले ऐकू द्या."

मी चूप बसलो. दीड तास बसलो. आवाज धापा टाकत येत होता, मधेच थांबत होता; थांबला की वहिनी म्हणायच्या, "बसा थोडं, बसा," आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. शेवटी वारा ऐकू आला, खूप वारा.

"पोचले का?" वहिनींनी विचारलं.

"हाव."

"कसं आहे?"

"तू सांगत होती ना पोरांले," भाऊ म्हणाले, "तसंच आहे. काही बदलावं नाही लागत."

वहिनींनी फोन कानाशी नेला, स्पीकर बंद केला. पुढचं मला ऐकू आलं नाही. मी उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. माझ्याबरोबर माझी बायको असती तर तिला फोन लावून मी काय सांगितलं असतं? शटर स्पीड?

परतीच्या विमानात भाऊंची जागा माझ्या शेजारी आली. वहिनी खिडकीशी झोपल्या होत्या. मी दोन दिवसांपासून शब्द जुळवत होतो. माफीचं पहिलं वाक्य बोललो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि इकडेतिकडे पाहून, जणू काही विचारायची परवानगी नसलेलं विचारतोय अशा आवाजात म्हणाले,

"ते जाऊ दे गा. एक सांग मले. वरून कशी दिसते ती टेकडी?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सांग ना. पायऱ्या चढून स्तूप दिसते, पण पुरी टेकडी नाही दिसत. तुहं ड्रोन मेमरी कार्डसकट पोलिसायनं ठेवून घेतलं. आता आपल्या चाळीस जणांत ती वरून पाहिलेला तूच एक आहे. खोटं काहून सांगू, दोन दिवस झाले, मले तुहा हेवा वाटून राहिला."

मी आठवायचा प्रयत्न केला. पडद्यावर ती होती, पूर्ण, पिवळ्या उजेडात, दहा मिनिटं. आणि त्या दहा मिनिटांत मी वहिनींचा चेहरा कसा होईल ते बघत होतो, आणि भाऊंचा. झाडी कुठवर होती, पायऱ्या वरून कशा वळत होत्या, पलीकडे तळं होतं का शेत, एकही गोष्ट मला आठवेना.

"भाऊ," मी म्हणालो, "मी नीट पाहिलीच नाही."

चौकीतही त्यांचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता.

"अरे," ते म्हणाले, "मग केलं काहून गा एवढं?"